जेव म्हटल्याशिवाय

कुत्र्याला बसायला शिकवायला तीन दिवस लागतात. बसून राहायला शिकवायला तीन महिने. माझी सगळी उमर या दुसऱ्या कामात गेली, आणि ते काम लोकांना दिसत नाही. धावणारं कुत्रं सगळ्यांना दिसतं. न धावणाऱ्या कुत्र्याकडं कोण बघतंय?

दिवाळी अंकासाठी 'आपल्या पेशातलं काही लिहा' असं पत्र आलं तेव्हा आमच्या सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, कुत्र्यांवर कोण वाचणार?" मी म्हटलं, "माणसांवर तरी कुठं वाचतात?" आणि दौत पुढं ओढली.

सांगलीच्या बाजूच्या एका लहानशा संस्थानाच्या शिकारखान्यात मी नोकरीला होतो. नाव सांगत नाही. संस्थान गेलं, राजेसाहेब गेले, उगाच त्यांच्या नातवंडांना माझ्या लिहिण्याचा ताप नको. तिथं कारवानी कुत्री होती. उंच, किडकिडीत, पोट पाठीला टेकलेलं. परगावचा पाहुणा हमखास विचारायचा, "काय हो, खायला घालता की नाही?" या जातीच्या रक्तातच एक गोष्ट असते: हललं की पकडायचं. मग तो ससा असो, कोंबडी असो, वाळत घातलेलं लुगडं असो, नाहीतर दिवाणसाहेबांच्या पागोट्याचा शेमला असो. अशा पिल्लाला थांबायला शिकवणं हे माझं काम. लोक मला कुत्रेमास्तर म्हणायचे. पहिली दोन वर्षं राग आला. पुढं कुणी नुसतं मास्तर म्हटलं तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

आता दुपारी आरामखुर्चीत डोळा लागतो आणि ती सगळी पिल्लं येतात. स्वप्नात एकही भुंकत नाही. कृष्णेच्या वाळूत ओळीनं बसलेली असतात, समोर भाकरीचा एकेक तुकडा, आणि सगळ्यांच्या माना वर, माझ्या तोंडाकडं. पाण्यावर धुकं असतं. मी काहीतरी बोलायला जातो आणि जाग येते. मग संध्याकाळपर्यंत मनाला लागून राहतं की बिचारी अजून तशीच बसली असतील.

तर शिकवायचं कसं, ते सांगतो. यात जादू काही नाही. भाकरीचा तुकडा मुठीत घ्यायचा आणि मूठ पिल्लाच्या नाकापुढं धरायची. बोलायचं काही नाही. पिल्लू चाटतं, ओरबाडतं, दुधाच्या दातांनी करंगळी धरतं, कुंईकुंई करून गल्ली गोळा करतं. आपण ढिम्म. मग केव्हातरी ते दमतं, एक पाऊल मागं सरतं आणि 'हा बाबा आहे तरी कोण' म्हणून वर आपल्या डोळ्यांकडं बघतं. त्याच क्षणी मूठ उघडायची. एवढंच. पिल्लाला कळलं पाहिजे की ओरबाडून काही मिळत नाही, थांबून माणसाकडं बघितलं की मिळतं. पुढं तीच भाकरी जमिनीवर ठेवायची, मग त्याच्या पंजांवर, मग आपण दहा पावलं लांब जायचं, मग अंगणात कोंबड्या सोडायच्या. मारायचं कधीच नाही. काठीनं पिल्लू थांबतं हे खरं, पण ते काठी असेपर्यंतच.

या कामाला घड्याळ नव्हतं. नदीकाठच्या चिंचेखाली मी आणि पिल्लू समोरासमोर बसायचो. पलीकडच्या मळ्यात मोट कुरकुरत असायची. गुऱ्हाळाचा गोडसर धूर पाण्यावरून सरकत यायचा. किती वेळ गेला ते मला कळत नसे आणि त्यालाही नसे. कधी वाटायचं, आम्ही दोघं डोळे उघडे ठेवून एकच झोप घेतोय. शिकारखान्याचे कारभारी लांबून बघायचे आणि म्हणायचे, "मास्तर पगार खातो आणि झोपा काढतो." त्यांना समजावण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.

खरी पंचाईत मालकांची असायची. साताऱ्याला एक पेन्शनर सुभेदार होते, पहिल्या लढाईतले. त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. म्हणाले, "पिल्लू हुकूम पाळत नाही." हे त्यांनी माझ्या कानाशी सांगितलं तरी ते अजिंक्यताऱ्यावर ऐकू गेलं असावं. हुकूम सुटला की पिल्लू जागच्या जागी मुतायचं. मी आठ दिवस पिल्लाला हातच लावला नाही, सुभेदारांना हळू बोलायला शिकवलं. नवव्या दिवशी निघालो तर त्यांच्या मंडळी दारामागून म्हणाल्या, "मास्तर, तीस वर्षांत पहिल्यांदा यांनी मला हळू आवाजात चहा मागितला. अजून आठ दिवस राहता का?"

असे गमतीचे किस्से पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो ते ज्या एका पिल्लासाठी, ते म्हणजे उंब्रजचा भवऱ्या.

दुसरी लढाई चालू होती. गावोगावची पोरं पलटणीत भरती झालेली. उंब्रजहून मसूरला जाणाऱ्या वाटेवर ज्यांची रानातली वस्ती होती, त्या घरचा महिपती एका सकाळी पाटीत पिल्लू घेऊन शिकारखान्याच्या फाटकाशी उभा राहिला. पंचविशीचा, उंचापुरा गडी, अंगावर खाकी. त्याची पलटण तेव्हा अजून देशातच होती. तो म्हणाला, "मास्तर, घरात माजी आय आन बायकू, दोगीच. वस्ती गावापास्नं लांब. गेल्या साली चोरांनी भाकरीत इख घालून आमचं कुत्रं मारलं आन शेरडं न्हेली. मला असं कुत्रं पायजे का परक्याच्या हातचं सोन्याचं ताट आलं तरी हुंगनार न्हाई."

पाटीतून पिल्लू बाहेर पडलं आणि स्वतःचं शेपूट धरायला जे गरागरा फिरायला लागलं, ते बघूनच मला घेरी आली. त्याचं नाव भवऱ्या का, हे विचारावं लागलं नाही.

मी महिपतीला म्हटलं, "ज्या शब्दावर यानं तोंड लावायचं, तो शब्द मालकानं निवडायचा असतो. 'घे' नको, 'खा' नको. ते तर चोरही म्हणेल."

त्यानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "जेव."

"कुत्र्याला?"

"तेच तर. कुत्र्याला कुनी जेव म्हनत न्हाई. मंजे चोर बी म्हननार न्हाई."

मला तो गडी तिथंच आवडला.

भवऱ्यानं मला तीन महिने घाम फोडला. मुठीपुढं बाकीची पिल्लं घटकाभरात दमतात. हा पहिल्या दिवशी सकाळपासून उन्हं डोक्यावर येईपर्यंत माझी मूठ कुरतडत होता. फुलपाखरामागं विहिरीत पडला. राणीसाहेबांच्या मेण्याच्या पडद्याला लोंबकळला. पण एकदा त्याला थांबण्यातली गोडी लागली, आणि मग असा बसायला लागला की मीच बघत राहायचो. पंजांवर भाकरी, तोंडातून लाळेची तार जमिनीला टेकलेली, अंगावरून कोंबडी चालत गेलेली, आणि डोळे माझ्यावर. चुळबूळ सगळी आत असायची, ती फक्त कातडीखालून थरथरताना दिसायची. शब्द आला की मगच तो भवरा सुटायचा.

पलटण पूर्वेच्या आघाडीवर जाणार असं ठरलं आणि महिपतीला रजा मिळाली. मी भवऱ्याला घेऊन वस्तीवर गेलो, आठवडाभर राहिलो. आमच्या धंद्यातला सगळ्यात नाजूक भाग तिथं असतो. कुत्रं मालकाच्या आवाजाला जोडायचं आणि आपल्या आवाजातून काढून घ्यायचं. महिपती जेव म्हणायचा आणि भवऱ्याला भाकरी मिळायची. मी जेव म्हणायचो आणि तो पुढं आला की भाकरी उचलून घ्यायचो. दिवसातून पन्नास वेळा. पहिल्यांदा तो माझ्याकडं असं बघायचा की जीव नकोसा व्हायचा. चौथ्या दिवशी मी जेव म्हटलं आणि त्यानं मान दुसरीकडं फिरवली. काम फत्ते झालं. मला अभिमानही वाटला आणि रडूही आलं, खोटं कशाला सांगू.

"मास्तर, मी गेल्याव?" महिपतीनं विचारलं.

म्हणून मग त्याची बायको हौसा, तिच्याही आवाजाला जोडला. अठरा-एकोणीस वर्षांची, डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी पोर. आवाज इतका बारीक की माझ्या कानाला येईना, पण भवऱ्याला यायचा. महिपतीच्या आईला सगळी वस्ती आक्का म्हणायची. मी त्यांनाही म्हटलं, "आक्का, तुम्हीही दोन दिवस म्हणा."

"कुत्र्याला जेव म्हनू?" आक्का म्हणाल्या. "जेव मी देवाला म्हनती आन लेकाला म्हनती. आन घरच्या मानसाला कशाला पायजे तुमचा मंतर? माज्या हातचं न्हाई खानार तर जाईल कुटं?"

मी हसून सोडून दिलं. माझी चूक ती. तिथं मी अडून बसायला हवं होतं. पण बाईमाणूस, वयानं मोठी, आणि मला सांगलीची गाडी गाठायची होती.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात साताऱ्याला त्या सुभेदारांकडं जाऊन परत निघालो होतो. कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार, दर चढाला उतरून ढकलायची. मनाशी हिशेब केला की आज चंपाषष्ठी, महिपतीचं घर पालीच्या खंडोबाचं. म्हणजे वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे. भवऱ्यालाही बघू आणि पोटोबाही होईल. उंब्रजला उतरलो आणि चालत निघालो.

उसाला तुरे आले होते. वारा नव्हता. थंडीतल्या दुपारचं ते ऊन पाण्यात खडीसाखर विरघळावी तसं सगळ्या शिवारात विरघळलेलं. लांबच्या डोंगरांना रंग नव्हता, नुसत्या कडा होत्या. वाटेत कुणी भेटलं नाही. चालता चालता मला असं वाटायला लागलं की मी चालतच नाही, वाटच माझ्या पायाखालून हळूहळू मागं चालली आहे. वस्ती दिसली तरी माणसाचा आवाज येईना. सणाचं घर, आणि एवढं मुकं.

अंगणात भवऱ्या तुळशीच्या कट्ट्याला साखळीनं बांधलेला. आंघोळ घातलेली, कपाळाला भंडारा. केवढा झाला होता! समोर केळीच्या पानावर रोडगा, भरीत, कांद्याची पात. पानावरचं भरीत कडेनं सुकून काळं पडलेलं. भवऱ्या बसलेला, लाळेनं जमीन भिजलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. पानाला तोंड नाही.

आक्का खांबाला टेकून बसल्या होत्या. महिपतीचे चुलते गणूतात्या, बाजूच्या वस्तीवरचे म्हातारे, तळी उचलायला आले होते ते तसेच डोकं धरून ओट्यावर. हौसा दिसेना; मला वाटलं माहेरी गेली असेल.

तात्यांनीच मला सांगितलं. या घरात सहा दिवसांचा उपास. चंपाषष्ठीला नैवेद्य आधी देवाच्या कुत्र्यानं खायचा, मग घरातल्यांनी पान वाढून घ्यायचं. आज सकाळी तळी झाली, भंडारा उधळला, पान मांडलं, आणि कुत्र्यानं तोंड लावलं नाही. काल-परवा घातलेली भाकरीही त्यानं शिवली नव्हती. आणि महिपतीचं चार महिने पत्र नव्हतं.

"मी म्हनलं, गावातनं दुसरं कुत्रं आनू," तात्या हळू आवाजात म्हणाले. "तर वयनी म्हनत्यात, देवाला काय फसवायचं हाय का."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. बाईचे ओठ फुटले होते. सहा दिवस फराळावर काढलेले, आज तर पाणीही नाही. "मास्तर, आलासा? बगा तुमच्या कुत्र्याचं. देवानं माजं पान न्हाकारलं. माजा महिपती गेला. कागुद यील तवा यील, मला आजच कळलं." आवाजात रडणं नव्हतं. सगळं ठरून गेल्यासारखं बोलत होत्या. "त्यो जेवत न्हाई तवर माज्या तोंडात पानी न्हाई. आन त्यो आता जेवत न्हाई."

मी केलेलं काम समोर बसलं होतं. इतकं चोख काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

"आक्का, देवाचा काही संबंध नाही," मी म्हटलं. "हे माझं शिकवणं आहे. शब्दाशिवाय तो खात नाही." आणि घाईघाईत पानाजवळ बसून म्हटलं, "जेव, भवऱ्या. जेव."

भवऱ्यानं मला ओळखलं. शेपूट दोनदा जमिनीवर आपटलं. आणि त्यानं मान फिरवली.

"बगितलंसा?" आक्का म्हणाल्या. "तुमचा सबूद तुमच्याच जिभंला चालंना, आन माज्या देवाला चालवताय व्हय?"

मी माझा शब्द त्याच्यातून काढून घेतला होता, हे मी त्यांना कसं समजावू? समजावलंही. त्यांनी ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. उपाशी माणसाला पटवता येत नाही. मग आक्कांनी स्वतःच, मी हात जोडले म्हणून, भवऱ्याला जेव म्हटलं. त्यांच्या तोंडून तो शब्द त्यानं कधी ऐकलाच नव्हता; त्यानं नुसतं त्यांच्याकडं बघितलं, एवढंच. त्यानं तर त्या आणखीच खचल्या.

मी भवऱ्यासमोर मांडी घातली. चाळीस वर्षांचा होतो तेव्हा, दुसरं काही येत नव्हतं, बघत बसायला येत होतं. उन्हं कलायला लागली. तुरे पिवळे झाले, मग तांबूस. आणि माझ्या लक्षात आलं की भवऱ्या पानाकडं बघत नाही, आक्कांकडं नाही, माझ्याकडंही नाही. त्याचे कान गोठ्याकडं वळलेले आहेत. गोठ्याच्या कुडाआड काही हललं की कान हलतात.

"हौसा कुठाय?" मी विचारलं.

तात्या खाकरले आणि दुसरीकडं बघायला लागले. आक्का म्हणाल्या, "भाईर बसलीया. परवापास्नं."

मग सगळा उलगडा झाला. रोज त्याला हौसाच घालायची. महिन्याचे ते चार दिवस ती गोठ्याच्या आडोशाला बसली की भवऱ्या तिच्यापाशी जाऊन पडायचा आणि तिच्याच ताटलीतलं खायचा. कुत्र्याला कुठला आलाय विटाळ. या खेपेला मात्र देवाचा कुत्रा विटाळात जायला नको म्हणून आक्कांनी त्याला धुऊन तुळशीशी बांधला. तिथंच त्याचं जेवण तुटलं.

मी म्हटलं, "आक्का, तिला एकदा जेव म्हणू द्या. तिथूनच, कुडाआडूनच."

"नैवेद्यावर विटाळशीचा सबूद?"

"शब्द पानावर पडत नाही आक्का, कुत्र्याच्या कानात पडतो."

तात्या म्हणाले, "वयनी, मास्तरचं खरं आसंल."

आक्का पानाकडं बघत राहिल्या. माश्या पानावर बसत होत्या आणि त्यांना हाकलायचंही त्यांना सुचत नव्हतं. मग त्यांनी देवघराकडं बघून हात जोडले आणि गोठ्याकडं तोंड केलं.

"हौसा, म्हन गं."

कुडाआडून काही आलं नाही.

"हौसा. मी सांगती. पाप लागलं तर मला लागंल. म्हन."

काही नाही. भवऱ्या उभा राहिला होता. त्याचं सगळं अंग कातडीखालून थरथरत होतं. मला वाटलं पोर सासूच्या धाकानं गप्प आहे, नाहीतर तिला घेरी आली आहे. मी उठून गोठ्याकडं निघालो तर तात्यांनी माझा हात धरला. परक्या पुरुषानं तिकडं जाऊ नये. आक्का खांब धरून उभ्या राहायला गेल्या आणि पुन्हा खाली बसल्या. आता मात्र त्यांचा बांध फुटला. "म्हन की गं बाई. माज्या लेकराचा जीव तुज्या तोंडात हाय. म्हन की."

दिवस डोंगराला टेकला होता. किती वेळ गेला ते मला कधीच सांगता आलं नाही. चिंचेखाली वेळ थांबायचा तसा तो तिथं थांबला होता, पण हे थांबणं निराळं होतं. मग कुडाआडून श्वासासारखं आलं.

"जेव."

भवऱ्यानं पान तर खाल्लंच, पानाखालची जमीनही चाटली. आक्का ओरडल्या नाहीत की हसल्या नाहीत. त्या सरकत सरकत त्याच्यापाशी गेल्या आणि ज्याला कधी हात लावायच्या नाहीत त्या कुत्र्याच्या मानेत तोंड घालून रडल्या. तात्यांनी "येळकोट" म्हणून भंडारा उधळला. त्यांचा आवाज चिरकला होता. मला भरीत मिळालं, रोडगे मिळाले. आक्कांनी पहिलं ताट स्वतः नेऊन कुडाशी ठेवलं, मगच त्या जेवल्या.

महिपतीचं पत्र महिनाभरानं आलं. आसामकडं हिवतापानं इस्पितळात पडला होता, पत्रं कुठंतरी अडकली होती. लढाई संपली तसा तो घरी आला. ते मला त्याच्याच कार्डावरून कळलं. दरम्यान आमचं संस्थान विलीन झालं, शिकारखाना मोडला. कुत्री ज्यानं मागितली त्याला दिली. मी प्रत्येकाला सांगत होतो, याचा शब्द अमुक, त्याचा शब्द तमुक. लोक हो हो म्हणायचे आणि साखळी ओढत चालू लागायचे. ते आठवलं की अजून झोप लागत नाही. शिकवलेलं कुत्रं परक्या हातात जातं तेव्हा ते आपलंच शिकणं घेऊन अडकतं, आणि त्यात दोष आपला असतो.

त्याच सुमाराला एकदा मिरज स्टेशनवर महिपती आणि हौसा भेटले. गाडीला वेळ होता. कडेवर मूल, दुसरं फलाटावर खेळतंय. आक्का खुशाल होत्या. भवऱ्या आता म्हातारा होऊन दारात पडून असतो, पण जेव म्हटल्याशिवाय खात नाही, असं महिपतीनं सांगितलं. मग तो तांब्या घेऊन नळावर गेला. तो पुरेसा लांब गेल्यावर हौसा, जी माझ्याशी कधी चार शब्द बोलली नव्हती, ती एकदम म्हणाली, "मास्तर, त्या दिवशी मी विटाळाला भिऊन गप बसली न्हवती."

मी तिच्याकडं बघितलं.

"मला म्हायती व्हतं. त्यो माजीच वाट बगतोय, हे मला सकाळपास्नं म्हायती व्हतं. आत्याबाई रडत व्हत्या ते बी ऐकू येत व्हतं." मुलाच्या अंगड्याचा बंद ती सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. "पन मी जेव म्हनलं आन त्यो तरी जेवला न्हाई, तर? मंग काय उरलं आसतं? मी म्हनत न्हवती तवर ह्ये जित्ते व्हते."

दिवसभर सासूचा आकांत ऐकत, तोंडातला एक शब्द धरून बसलेली ती एकोणीस वर्षांची पोर मला तेव्हा कुठं दिसली, आणि मी तिला त्या वेळी आणखी घाई करायला निघालो होतो. मी रुमाल काढून चष्मा पुसत राहिलो.

महिपती भरलेला तांब्या घेऊन आला. "काय गप्पा चालल्यात मास्तरांसंगं?" त्यानं विचारलं.

"भवऱ्याच्या," हौसा म्हणाली, आणि पदर सारखा करून तिनं मूल त्याच्या हातात दिलं.